परदेशातील कायम वास्तव्य : वाटा आणि अडसर

(संस्थेच्या दुधनी येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि सत्कारानंतर एखादे पालक मोठ्या अभिमानाने सांगतात की, आमचा मुलगा आता परदेशी जाणार. टाळ्या पडतात. टाळ्यांनंतर पुढे काय होते, याविषयी यंदा आपण बोलावे असा चिटणीसांनी आम्हांस आग्रह केला. आम्ही निवृत्त शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि परदेश काही पाहिलेला नाही. परंतु शाळेचे जनरल रजिस्टर पुष्कळ वर्षे आमच्या हाताखाली होते, त्यामुळे दाखले, जन्मनोंदी, प्रतिज्ञापत्रे घेऊन ज्ञातीतील कुटुंबे आमच्याकडे येत राहिली. त्या कागदांच्या मागे लागून जे कायदे वाचावे लागले, तेवढ्याच आधारावर आज बोलावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करणे अवश्य आहे. ‘मुलगा अमेरिकेत सेटल झाला’ असे आपण सहज म्हणतो, परंतु तो तेथे कोणत्या हक्काने राहत आहे हे पुष्कळदा त्याच्या आईवडिलांसही ठाऊक नसते. वस्तुतः परदेशी राहण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली व्हिसा, म्हणजे ठराविक कामासाठी ठराविक मुदतीची परवानगी. दुसरी कायम वास्तव्याची परवानगी. अमेरिकेत तिला ग्रीन कार्ड म्हणतात, कॅनडा व ऑस्ट्रेलियात पी. आर., तर इंग्लंडात बेमुदत राहण्याची अनुज्ञा. तिसरी पायरी नागरिकत्वाची. आपल्या शेतकरी मंडळींना हा भेद कळावयास अवघड नाही. व्हिसावरचा मनुष्य म्हणजे सालाच्या बोलीने जमीन कसणारा. बोली संपली की बांधाबाहेर. कायम वास्तव्य मिळालेला म्हणजे १९४८ च्या कूळकायद्यातील संरक्षित कूळ. त्यास मन मानेल तसे हुसकता येत नाही, परंतु त्याने स्वतः जमीन कसली पाहिजे. नागरिक म्हणजे ज्याचे नाव सात-बारावर लागले तो.

कूळ जमीन सोडून गेले की हक्क धोक्यात येतो, तसेच येथेही आहे, आणि ‘कायम’ या शब्दाने आपली फसगत होते ती इथेच. ग्रीन कार्डधारक सलग एक वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिला आणि आधी परतीचा परवाना काढलेला नसला, तर त्याने तेथील वास्तव्य सोडून दिले असे धरले जाऊ शकते. कॅनडात दर पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष राहावे लागते. तेव्हा ‘कार्ड करून ठेवतो आणि दुधनीला येऊन राहतो’ असा बेत कोणी करीत असेल, तर तो कायद्यात बसत नाही.

स्थायिक व्हावयास राज्याची अनुमती लागते, ही गोष्ट आपणांस नवी वाटू नये. आपण सरहद्दीवरची माणसे. दुधनीहून आगगाडी वाडीच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात कर्नाटक लागते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तेथे निजामाचा अंमल होता. त्या संस्थानात १९१९ च्या फर्मानाप्रमाणे ‘मुल्की’ ठरण्यास पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे. त्यावाचून सरकारी नोकरीत प्रवेश दुरापास्त होता. आज महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढावयाचा तर वास्तव्याची पुन्हा पंधराच वर्षे दाखवावी लागतात. शिवाय आपल्या कित्येक सुनांची माहेरे आळंद, अफझलपूर, गुलबर्गा या बाजूस (गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे). पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. मूल दुधनीत वाढते, दुधनीत शिकते, आणि जन्मस्थान मात्र कर्नाटकातले. बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न निघाला की पालक कागद शोधीत हिंडतात. जन्माच्या गावाला कागदोपत्री किती वजन असते, हे दुधनीच्या माणसास कोणी शिकवावयास नको. हेच वजन अमेरिकेत मनुष्याच्या आयुष्याची वीस-वीस वर्षे ठरवते.

तेथील इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून आजची रांग समजत नाही. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानसह आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांस येण्याची बंदी केली. जे आधी पोहोचले होते त्यांचेही नशीब डळमळीत होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगत सिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितले, तेव्हा १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नव्हे, सबब त्यास नागरिक होता येत नाही. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झालेले! या निकालानंतर सरकारने पंडितांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटला भरला. पंडितांनी असा मुद्दा मांडला की, न्यायालयाने एकदा दिलेल्या हुकमावर विसंबून आपण वकिली केली, संसार थाटला, मालमत्ता केली. आता तो हुकूम मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये ते जिंकले. हातातला कागद पक्का असणे म्हणजे काय, हे या एका खटल्यावरून ध्यानी येते. पुढे १९४६ मध्ये नागरिकत्वाची मनाई उठली आणि वर्षाला फक्त १०० हिंदी लोकांस वाट मिळाली. खरा दरवाजा उघडला तो १९६५ मध्ये. त्या वर्षीच्या ३ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने वंशावर बेतलेले जुने कोटे रद्द झाले. मुंबई-पुण्याकडील डॉक्टर, इंजिनियर त्यानंतर गेले. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले ते याच पिढीच्या बळावर. त्या लोकांस आजच्यासारखी दशकांची रांग लागली नाही. म्हणून त्या काळात गेलेले एखादे काका ‘अरे, काही नाही, होऊन जाते’ असे सांगतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. मात्र ते दुसऱ्याच कायद्याची हकीकत सांगत असतात.

आजचा हिशेब १९९० च्या कायद्याचा आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे द्यावयाची आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस त्यातील ७ टक्क्यांहून अधिक जाऊ द्यावयाची नाहीत, असा तो नियम. सात टक्के म्हणजे ९,८००. आइसलंडसारख्या चिमुकल्या देशासही तीच मर्यादा आणि भारतासही तीच. या ९,८०० मध्ये नोकरी करणारा तर मोजला जातोच, शिवाय त्याची पत्नी व मुलेही मोजली जातात. चौघांचे कुटुंब धरले तर अडीच हजारदेखील कुटुंबे होत नाहीत. उच्च पदवीधरांचा जो दुसरा वर्ग, ज्यात आपली बहुतेक मुले मोडतात, त्याच्या वाट्यास तीन हजारांहून कमी कार्डे. इतर देशांकडून उरलेली कार्डे कधी कधी भारताच्या रांगेकडे वळतात, पण तो पावसाचा भरवसा झाला. २०२५ मध्ये या दुसऱ्या वर्गात २०१३ सालच्या आरंभीच्या अर्जांचा नंबर चालू होता. जो मुलगा आज रांगेत उभा राहील, त्याने बारा वर्षांत नंबर येईल असे मात्र समजू नये. कारण त्याच्या पुढे उभे असलेले लोक २०१३ मधल्या लोकांहून कितीतरी अधिक आहेत.

हा देश पासपोर्टावरून ठरत नाही, जन्मावरून ठरतो, हे पुनः पुनः सांगावेसे वाटते. उद्या मुलगा कॅनडाचा नागरिक झाला तरी अमेरिकेच्या रांगेत तो भारताच्याच खात्यात. उलट, मस्कतला नोकरीस असलेल्या गृहस्थाची मुलगी तेथे जन्मली असेल, तर ती भारतीय नागरिक असूनही ओमानच्या खात्यात. आणि पतीस पत्नीच्या जन्मदेशाच्या खात्यात मोजून घेण्याची कायद्यात मुभा आहे. सुनेच्या माहेरी जन्मण्याने मराठी मुलाचा अधिवास अडतो, आणि सुनेच्या आखाती जन्माने त्याच मुलाची रांग सुटते! पत्रिकेतील छत्तीस गुणांत हा गुण कोणा जोशांनी मांडलेला आम्ही पाहिला नाही.

आता त्या रांगेत शिरावे कसे ते पाहू. विद्यार्थी म्हणून गेलेल्या मुलास शिक्षण संपल्यावर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्र शाखांत आणखी दोन वर्षे, काम करता येते. या अवधीत मालकाने त्याच्यासाठी एच-वन-बी नावाचा कामाचा व्हिसा मागावा लागतो. हे व्हिसे वर्षाला ८५,००० आणि मागणी त्याहून पुष्कळ अधिक, म्हणून निवड सोडतीने होत आली आहे. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणापत्राने परदेशातून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या अशा कामगारांच्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार टाकला गेला. व्हिसा मिळाला तर तीन वर्षे, नूतनीकरणाने सहा. या सहा वर्षांत मालकाने ग्रीन कार्डाचे काम सुरू करावयाचे असते: जाहिरात द्यावयाची, या कामास योग्य अमेरिकन मनुष्य मिळाला नाही असे कामगार खात्याकडून प्रमाणित करून घ्यावयाचे, नंतर अर्ज. ज्या दिवशी पहिला कागद दाखल होतो ती त्याची रांगेतील तारीख. अर्ज मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही, नंबर येईपर्यंत, व्हिसा वाढवून मिळतो. तेव्हा मुलास विचारावयाचा प्रश्न ‘पगार किती?’ हा नव्हे. ‘तुझ्या मालकाने कागद दाखल केला काय, आणि कोणत्या तारखेस?’ हा होय. दोन मालकांपैकी एक पगार थोडा अधिक देतो आणि दुसरा कागद लवकर दाखल करतो, तर आमचे मत निःसंशय दुसऱ्याच्या बाजूचे. अर्ज मंजूर झाल्यावर नोकरी बदलली तरी जुनी तारीख सहसा राखता येते. मात्र नोकरी गेली तर दुसरा मालक शोधावयास फक्त ६० दिवस मिळतात. घर, गाडी, मुलांची शाळा, सारे त्या ६० दिवसांत.

या रांगेचा सर्वांत कठोर भाग मुलांच्या वाट्यास येतो. आईवडिलांच्या व्हिसावर गेलेले मूल २१ वर्षांचे झाले की ‘मूल’ राहत नाही. २००२ च्या एका कायद्याने वयाच्या मोजणीत थोडी सवलत दिली, पण तिने सर्वांचे भागत नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलगी चौथ्या वर्षी तिकडे गेली. तिचे सारे शिक्षण तेथले. मराठी ऐकून समजते, वाचता येत नाही. कानडीचे तर नावच नको. वडिलांची तारीख अजून आलेली नाही आणि तिच्या वयाची विशी उलटली. आता तिने परदेशी विद्यार्थिनी म्हणून स्वतंत्र व्हिसा काढावयाचा, किंवा ज्या देशाची ओळख तिला सुटीतल्या दुधनीपुरतीच आहे तेथे परत यावयाचे. तिच्या आजीने आम्हांस विचारले, ‘गुरुजी, सतरा वर्षे राहिली पोर, तरी ती तिथली नाही का?’ कायद्याच्या भाषेत उत्तर ‘नाही’ असेच आहे. वर्षे मोजली जात नाहीत. कोणत्या दाराने शिरला ते पाहिले जाते. तिचा धाकटा भाऊ तेथेच जन्मला, म्हणून तो जन्मतः अमेरिकन नागरिक. एका आईची दोन लेकरे, एका ताटात जेवणारी!

नोकरीवाचून दुसरे दार नात्याचे. अमेरिकन नागरिकाची पत्नी वा पती, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांस संख्येची मर्यादा नाही. भावंडांना आहे, भारतात जन्मलेल्या भावंडांच्या वर्गात २०२५ मध्ये २००६ सालचे अर्ज चालू होते. म्हणून ‘भाऊ बोलावून घेईल’ या आशेवर कोणी धाकट्याचे शिक्षण वा लग्न खोळंबून ठेवू नये. दरवर्षी ५५,००० जणांस सोडतीने कार्ड देण्याची एक योजना आहे, तीत भारतात जन्मलेल्यांस भाग घेता येत नाही. ‘तुमचे नाव सोडतीत निघाले’ असा निरोप कोणास आला तर तो ठकाचा समजावा. पैसेवाल्यांसाठी गुंतवणुकीचेही दार आहे. २०२२ पासून त्याची किमान किंमत आठ लाख डॉलर आहे, म्हणून आपण पुढे जाऊ.

लग्नाविषयी मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण या मंडपात आज किमान चार स्थळे ‘परदेशस्थ’ म्हणून फिरत आहेत. वर परदेशी आहे एवढे ऐकून वधूपिता पुढे काही विचारीत नाही. विचारावे. वर नागरिक असेल तर वधूस रांग नाही, फक्त कागदांस लागेल तेवढा वेळ. वर ग्रीन कार्डधारक असेल तर वधूचा वेगळा मर्यादित वर्ग आहे आणि तीत काही वर्षेही जाऊ शकतात. वर नुसता एच-वन-बी व्हिसावर असेल तर वधू लवकर जाऊ शकते, पण तिला तेथे नोकरी करता येईलच असे नाही. २०१५ पर्यंत अशा पत्नींना नोकरीची बंदीच होती, आणि त्यानंतरही ज्यांच्या पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज मंजुरीच्या पायरीस पोहोचला आहे त्यांनाच मुख्यतः परवानगी मिळते. आपल्या मुली आता इंजिनियर, डॉक्टर होऊ लागल्या आहेत. त्यांनी सहा-सहा वर्षे घरात बसून काढावी, आणि ते लग्न ठरल्यानंतर त्यांना कळावे, हे योग्य नव्हे. आणखी एक: विवाहास दोन वर्षे होण्याआधी मिळालेले कार्ड दोन वर्षांच्या अटीचे असते, १९८६ पासून हा नियम आहे. अट काढून घेण्याचा अर्ज सामान्यतः पतिपत्नींनी मिळून करावयाचा असतो. जेथे संसार मोडला, तेथे किंवा जेथे छळ झाला, तेथे पत्नीस एकटीने अर्ज करण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. ही गोष्ट मुलींना माहीत असली पाहिजे, म्हणून मुद्दाम बोललो.

कॅनडाची रीत वेगळी. तेथे १९६७ पासून गुणांची पद्धत आहे आणि २०१५ पासून अर्जदारांस गुणानुक्रमे बोलावतात. शिक्षण, इंग्रजी वा फ्रेंच, कामाचा अनुभव आणि वय. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ पर्यंत. तिशीपासून उतरू लागतात आणि पंचेचाळिशीला शून्य. आपल्या दुधनीचा मुलगा घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी बोलतो. चारांपैकी एकाच भाषेचे गुण मिळतात. फ्रेंच येणाऱ्यांची मात्र २०२३ पासून वेगळी निवड होऊ लागली. ही पद्धत आम्हांस अधिक सरळ वाटते. निदान आपले गुण आपल्याला आधी मोजून पाहता येतात, आणि जन्मदेशाचा अडसर तीत नाही. तरी दार तेथेही अरुंद होत आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात तेथील सरकारने पुढील वर्षाचे कायम वास्तव्याचे लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणले. विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर त्याच वर्षी मर्यादा घातली. विद्यार्थी म्हणून गेला म्हणजे पी. आर. होणारच, हे समीकरण आता उरलेले नाही. ऑस्ट्रेलियातही गुणपद्धत असून पंचेचाळिशीनंतर ते दार सहसा बंद होते. इंग्लंडात कुशल कामगारास पाच वर्षांनी बेमुदत अनुज्ञा मागता येत आली आहे. २०२५ च्या मे महिन्यात ती मुदत दहा वर्षांवर नेण्याचा मानस तेथील सरकारने जाहीर केला. मुदत मध्येच बदलू शकते हे यावरून दिसावे.

जर्मनीकडे आमचे विशेष लक्ष आहे, आणि ते पदवीधरांपेक्षा आय. टी. आय. झालेल्या मुलांसाठी. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार झाला. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, वाहनचालक अशांची तेथे गरज आहे. २०२३ च्या सुधारणेनंतर मान्यताप्राप्त कुशल कामगारास तीन वर्षांनी, आणि उच्चशिक्षितांच्या ब्लू कार्डावर जर्मन भाषेची मध्यम परीक्षा दिल्यास एकवीस महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येते. अट भाषेची. सहा महिन्यांचा वर्ग करून ती येत नाही, हे शिक्षक म्हणून सांगतो. दीड-दोन वर्षे रोज बसावे लागेल.

आखाती देशांत बहुसंख्य कामगारांस कायम वास्तव्य नाही. नोकरी आहे तोवर राहणे, मग ती तीस वर्षे का असेना. हे तेथे जाणाऱ्यास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, म्हणून तो गावी घर बांधतो आणि मुलांस येथे शिकवतो. आमच्या मते या बाबतीत तो अमेरिकेच्या रांगेतील इंजिनियरहून अधिक स्वस्थ असतो. आणि मराठी बोलणाऱ्यांपैकी ज्यांना रांगच लागली नाही असेही लोक आहेत. कोकणातील बेने इस्रायली, आपण ज्यांना शनवार तेली म्हणत आलो, ते इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने तेथे हक्काने गेले. तरी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी शंका काढल्या. त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतीत समान असल्याचे जाहीर केले, तेव्हा प्रश्न मार्गी लागला. हक्काने गेलेल्यांचीही ही कथा.

एवढा खटाटोप करून मिळालेले कायम वास्तव्य कितपत कायम, हेही पाहावे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांस ९० दिवसांत देश सोडावयास सांगितले. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने टाकून लोक निघाले. असे सर्वत्र होईल असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या हाती मतदानाचा हक्क नाही, त्याच्याविषयीचे नियम त्याला न विचारता बदलतात. म्हणून ज्यांना तेथेच राहावयाचे आहे त्यांनी मुदत भरताच नागरिकत्व घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत ही मुदत सामान्यतः कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांची.

येथे वडीलमंडळी अडखळतात, आणि त्याचे कारण जमीन. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे आपोआप संपते. २००५ च्या दुरुस्तीने ओ. सी. आय. कार्डाची सोय झाली. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, राहता येते, परंतु मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र वारसाने आलेली शेतजमीन जात नाही. ‘मुलगा तिकडचा झाला तर सात-बारावरून त्याचे नाव उडेल’ ही जी धास्ती गावात आहे ती निराधार आहे. वारस म्हणून त्याचे नाव लागू शकते. ती शेतजमीन विकताना मात्र घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक असावा लागतो. आणि ग्रीन कार्ड वा पी. आर. असेपर्यंत तर तो भारताचाच नागरिक असतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला येथील मतदारयादीत नावही ठेवता येते, फक्त मत द्यावयास समक्ष यावे लागते.

जमिनीवरून आठवले. तूर निघाली की दुधनीच्या बाजारात पैसा फिरतो आणि त्याच सुमारास परदेशी पाठविणारे मध्यस्थही फिरतात. एका शहरातील अशा मध्यस्थाने आपल्या ज्ञातीतील एका गृहस्थास ‘पी. आर.ची हमी’ लिहून दिली, आगाऊ रक्कम घेतली, आणि नंतर दूरध्वनी उचलणे बंद केले. गृहस्थांनी त्यासाठी चार एकर गहाण टाकले होते. हमी कोणीही देऊ शकत नाही, त्या देशाचा वकीलही नाही. २०२३ मध्ये कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. मुलांनी शिक्षण पुरे केले, नोकऱ्या धरल्या, कायम वास्तव्याचा अर्ज केला, तेव्हा कोठे पहिला कागद खोटा असल्याचे त्यांना कळले. पैसे देण्यापूर्वी विद्यापीठाकडे स्वतः पत्र लिहून खात्री करावी. त्यास काही खर्च येत नाही.

शेवटी कागदांविषयी, कारण आपली निम्मी कुटुंबे तेथेच अडतात. कायम वास्तव्याच्या अर्जात जन्मदाखला मागतात, आणि जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला व पासपोर्ट हे तिन्ही जुळावे लागतात. आपल्याकडे वयस्कर माणसांपैकी कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडत, मूल सहा वर्षांचे दिसले की जुने गुरुजी ती तारीख घालून नाव दाखल करून घेत. तेव्हा कोणाचे अडले नाही. आज नगरपरिषदेच्या नोंदीत श्रावणातली तारीख आणि दाखल्यावर १ जून, असे निघाले की परदेशातील अधिकारी विचारतो, मनुष्य एक की दोन? दुसरे, कित्येक जन्मनोंदींत मुलाचे नावच नसते, नुसते ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ एवढेच. ते नाव निबंधकाकडून भरून घेता येते. जन्माची नोंदच नसेल तर एक वर्षानंतरच्या नोंदणीस अधिकाऱ्याचा आदेश लागतो. जुन्या माणसांच्या बाबतीत नोंद सापडत नसल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे अमेरिकेत विचारात घेतात. अर्थात वडीलधारी हयात आहेत तोवरच ती करून ठेवणे शहाणपणाचे. गावाचे नावदेखील एका कागदावर दुधनी, दुसऱ्यावर दुधणी, आणि इंग्रजी अक्षरांत त्याहून निराळे. आडनावाची तीच गत. विवाहाची नोंदणी लग्न झाल्याबरोबर करावी आणि पत्रिका व फोटो जपून ठेवावेत.

दर रविवारी सकाळी ९ ते ११ आम्ही संस्थेच्या खोलीत बसतो. ज्यांची मुले पुढील वर्षी जाणार आहेत त्यांनी मूळ जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि आईवडिलांच्या विवाहनोंदणीची प्रत घेऊन यावे. मुलगा आधीच तिकडे असेल तर त्याच्याकडून रांगेतील तारीख लिहून आणावी. शुल्क नाही. १ जूनवाल्यांनी थोडे लवकर यावे, त्यांच्या कामास वेळ लागतो.